फ्लॅश म्हणजे नुसते चमकणे नव्हे

‘द इलेक्ट्रिसिटी फेल ऑन द बुलॉक.’ नांदेडच्या बाबानगर भागात इंग्रजीची शिकवणी घेत होतो, तेव्हा अकरावीच्या एका मुलाने पावसाळ्यावरच्या निबंधात हे वाक्य लिहिले. त्याच्या गावच्या शिवारात वीज पडून बैल दगावला, एवढेच त्याला सांगायचे होते. मला आधी हसू आले, मग आले नाही. चूक त्याची थोडी आणि आपल्या भाषेच्या सवयीची जास्त होती. मराठीत आभाळातली ती वीज आणि तारेतली तीही वीजच. एक पडते, दुसरी जाते. बोलताना तर दुसरीला आपण सरळ ‘लाईट’ म्हणतो: लाईट गेली, लाईट आली, लाईटबिल भरलं का. मुलाने कोशात वीज शोधली, पहिला शब्द उचलला आणि बैलावर टाकला.

त्याचे पुढचे वाक्य होते, ‘देअर वॉज अ बिग लाईट अँड साउंड.’ मोठा उजेड आणि आवाज. लखकन जे झाले ते या ‘बिग लाईट’मध्ये कुठेच नव्हते. त्याला हवा असलेला शब्द होता फ्लॅश. हा शब्द मोबाईलमुळे आज आजीबाईंनाही ठाऊक आहे आणि तरी परीक्षेत, मुलाखतीत, परगावी गेल्यावर तो नेमका वापरता येत नाही. नांदेड-लातूरकडची जी मुले मराठी माध्यमातून येऊन नीट-जेईईची इंग्रजी पुस्तके एकदम हातात घेतात, त्यांच्यासाठी आणि त्यांना घरी शिकवणाऱ्यांसाठी या एका शब्दाची ही फोड आहे.

कोश उघडला तर समोर येते: चमकणे, झळकणे, लकाकणे. मुले लिहून घेतात, ‘फ्लॅश म्हणजे चमकणे’, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मराठीत तारे चमकतात, सोने चमकते, पुसलेली फरशी चमकते, बोर्डाच्या निकालात लातूरची मुलगी चमकते. यातले एकही फ्लॅश नाही. तारा ट्विंकल करतो, सोने ग्लिटर करते, फरशी आणि मुलगी शाइन करतात. फ्लॅश व्हायला तीन गोष्टी लागतात. उजेड अचानक यायला हवा, क्षणभरच राहायला हवा, आणि मग जायला हवा. पहिली गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहते. तिसरी विसरली जाते, आणि पुढचे सगळे अर्थ त्या तिसरीवरच उभे आहेत.

मराठी माणसाला इथे एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. अचानकपणा आपण क्रियापदात ठेवत नाही, त्याच्या शेजारी ‘कन’ लावून ठेवतो. लखकन चमकली. भक्कन पेटले. झर्रकन गेला. खाडकन जाग आली. क्रियापद साधेच असते, त्याला वेग देते ते हे छोटे शेपूट. इंग्रजी हे शेपूट क्रियापदाच्या पोटात भरते. ‘लखकन चमकली’ एवढ्या सगळ्याला मिळून ‘फ्लॅश्ड’. म्हणून ‘द लाइटनिंग सडनली फ्लॅश्ड’ असे लिहिले तर चूक धरणार नाहीत, पण ते ‘अचानक लखकन चमकली’ म्हटल्यासारखे होते. ‘द लाइटनिंग फ्लॅश्ड’ पुरे. उलट्या बाजूने भाषांतर करतानाही हे उपयोगी पडते: इंग्रजी उताऱ्यात फ्लॅश दिसला की मराठीत ‘चमकणे’ लिहून थांबू नका, योग्य ‘कन’ शोधा. गाडी ‘फ्लॅश्ड पास्ट’ म्हणजे चमकत गेली नव्हे, झर्रकन गेली. मनातून विचार ‘फ्लॅश्ड थ्रू’ म्हणजे चटकन येऊन गेला. तिचे डोळे ‘फ्लॅश्ड’ आणि पुढे राग असेल तर डोळ्यांत अंगार आला. तिथे सुंदर डोळे चमकले असे लिहिणारी मुले मी पाहिली आहेत. गोष्टीतली बाई भांडत होती.

आपल्याकडे एक जुने क्रियापद मात्र असे आहे की ते फ्लॅशच्या अगदी जवळ जाते. लवणे. वीज लवते, आणि डोळ्याचे पातेही लवते. ‘पाते लवते न लवते तोच’ असे म्हणतो तेव्हा आपण उजेडाचा क्षण आणि वेळेचा क्षण एकाच शब्दात पकडतो. इंग्रजीतल्या ‘इन अ फ्लॅश’चेही काम हेच. त्यात उजेड कुठेच नाही, फक्त वेळ आहे. ‘आय विल बी बॅक इन अ फ्लॅश’, हा आत्ता आलोच. इथला ‘अ’ गाळू नका. मराठीत असले उपपद नसल्याने तो आपल्या हातून हटकून सुटतो.

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी मुलांची वाट थोडी वेगळी आहे. त्यांच्याकडे ‘शान’ म्हणून एक अक्षर आहे, दाराच्या चौकटीत उभा माणूस असे त्याचे चित्र. दारातून क्षणभर दिसून नाहीसा होणारा माणूस डोळ्यासमोर आणा, म्हणजे उजेड आणि निसटणे असे दोन्ही अर्थ त्या एका अक्षरात कसे राहतात ते कळते. चटकन बाजूला होणे हाही त्याचा अर्थ, आणि ओळख झाल्या झाल्या केलेल्या लग्नालाही तिकडे हेच अक्षर लावतात. म्हणजे त्यांच्यापाशी फ्लॅशचे चित्र आधीपासून आहे, आपल्यापाशी त्याचा आवाज आहे. तो आवाज म्हणजे हा ‘कन’. वापरा.

आता फ्लॅशचे भाऊबंद. यादी पाठ करण्यापेक्षा एखादे ठिकाण डोळ्यासमोर धरा. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान असते. गोदावरीचे पाणी आणून तख्त धुतात, शस्त्रे काढून स्वच्छ करतात. धुतलेल्या पात्यावर बारीक लकाकी दिसते ती ग्लिंट. तेच पाते कोणी हवेत फिरवले आणि उन्हाची तिरीप पात्यावरून थेट तुमच्या डोळ्यात आली, तो फ्लॅश. संध्याकाळी रोषणाई झगमगते, ते ग्लिटर. पणतीची ज्योत वाऱ्याने हलते, विझू विझू होते, ते फ्लिकर. मराठी ‘फडफडणे’ त्याला चांगले बसते. वात संपत आली आणि मिणमिणता उजेड उरला, तो ग्लिमर. निखारा धगधगतो, तो ग्लो. भर दुपारी संगमरवरावरून परतलेल्या उजेडाने डोळे दिपतात, तो ग्लेअर. तो क्षणिक नसतो, उलट पाठ सोडत नाही. आभाळात लांबवर लुकलुकते ते ट्विंकल. एवढे एक चित्र मनात बसले की बहुपर्यायी प्रश्नात हे शब्द शेजारी शेजारी आले तरी हात थरथरत नाही.

आणि ‘डोळ्यांसमोर काजवे चमकले’? डोक्याला मार बसला की मराठी माणसाला काजवे दिसतात, इंग्रजाला तारे. तिथे ‘फायरफ्लाईज फ्लॅश्ड’ लिहिले तर वाचणारा बागेत काजवे शोधेल. ‘आय सॉ स्टार्स’ लिहा.

माझ्या मते सगळ्यात मोठा सापळा फ्लॅशमध्ये नाही, त्याच्या मागे येणाऱ्या दोन अक्षरी शब्दांत आहे. ‘द फ्लॅश वेंट ऑफ.’ दर वर्षी वर्गातली निम्म्याहून अधिक मुले सांगतात, फ्लॅश बंद पडला. अर्थ नेमका उलटा: फ्लॅश उडाला. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले, हे बरोबर. ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर झाला. ‘द बॉम्ब वेंट ऑफ’ म्हणजे बॉम्ब फुटला. खूण अशी: जी वस्तू एरवी पेटलेली, चालू असते ती ‘वेंट ऑफ’ झाली की बंद होते, जी एरवी गप्प, दबा धरून असते ती ‘वेंट ऑफ’ झाली की सुटते. कॅमेऱ्याचा फ्लॅश दुसऱ्या जातीचा.

ही दुसरी जात कळायला त्याचा इतिहास मदत करतो. फ्लॅश म्हणजे सुरुवातीला खरोखरच दारू होती. 1887 मध्ये जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी मिसळून प्रकाशाचा बार उडवण्याची युक्ती काढली आणि तिला जे जर्मन नाव दिले त्याचा अर्थ होतो आभाळातल्या विजेचा उजेड. भुकटी पेटायची, भक्कन उजेड, पाठोपाठ धुराचा लोट. पुढे 1930 च्या सुमारास बल्ब आले, एका फोटोला एक, वापरला की टाकून द्यायचा. जुन्या स्टुडिओत ‘फ्लॅश मार’, ‘फ्लॅश पडला नाही’ असे म्हणत. आपल्याकडे फ्लॅश मारतात किंवा तो पडतो. इंग्रजीत तो यूज करतात आणि तो गोज ऑफ. ‘हिट द फ्लॅश’ म्हणू नका.

मोबाईलच्या मागचा जो दिवा आपण अंधारात लावतो, त्यालाही लोक फ्लॅश म्हणतात, फ्लॅशलाइट म्हणतात, आणि खेड्यात ‘बॅटरी लाव’ म्हणतात. ‘बॅटरी लाव’ हे मराठीत खणखणीत आहे, पण इंग्रजीत बॅटरी म्हणजे फक्त सेल. हातातल्या दिव्याला अमेरिकेत फ्लॅशलाइट, इंग्लंडमध्ये टॉर्च. अमेरिकन माणसाला टॉर्च म्हटले की त्याच्या डोळ्यासमोर मशाल येते. तिकडे शिकायला गेलेल्या भाच्याला एवढे सांगून ठेवा.

गाडीचे दिवे हा आणखी एक भाग. नांदेड-लातूर रस्त्यावर रात्री समोरून येणारा ट्रक डिपर मारतो. डिपर हा आपला रस्त्यावरचा शब्द, परदेशात चालत नाही. तिथे ‘ही फ्लॅश्ड हिज लाइट्स ॲट मी’. अर्थही बदलतो. आपल्याकडे डिपर म्हणजे बहुतेक वेळा ‘मी येतोय, बाजूला हो’. इंग्लंडमध्ये पुष्कळ चालक तेच ‘तुम्ही आधी जा’ या अर्थाने करतात. वाक्य नीट पाहा: फ्लॅश केले ते दिवे, माझ्याकडे रोखून. यातले ‘लाइट्स’ आणि ‘ॲट’ गाळून ‘ही फ्लॅश्ड मी’ असे लिहिले, तर इंग्रजीत त्याचा अर्थ होतो की त्या माणसाने माझ्यासमोर अंगावरचे कपडे बाजूला करून अश्लील प्रदर्शन केले. वर्गात हे सांगायला संकोच वाटतो, म्हणून कोणी सांगत नाही, आणि मग मुलगी मुलाखतीत सहज बोलून जाते. ओळखपत्र दाखवले असेल तरी ‘ही फ्लॅश्ड हिज आयडी कार्ड ॲट द गार्ड’. हसून पाहिले तर ‘शी फ्लॅश्ड अ स्माइल’. काय फ्लॅश केले ते क्रियापदाच्या लगेच मागे यायला हवे. माणूस तिथे ठेवू नये.

पैसेही फ्लॅश करतात, म्हणजे मिरवतात. त्यावरूनच फ्लॅशी. याला मराठी शब्द शोधत बसू नका, तो आपल्याकडे तयार आहे: भपकेबाज. जाळ होतो भपकन आणि श्रीमंतीचा असतो भपका. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली. आपला भपका मात्र वासालाही चालतो, फ्लॅशला ते जमत नाही.

उच्चाराकडे येऊ. आपल्या बाजारात ‘फ्लॅश टँक’ विकतात, पाट्यांवर ‘फ्लॅश डोअर’ लिहितात, आणि घरी म्हणतात, ‘संडासात फ्लॅश मार’. तो शब्द फ्लश. पाण्याच्या लोटाने धुऊन काढणे. सपाट, एका पातळीतले दार तेही फ्लश डोअर. आणि मांस म्हणजे फ्लेश. मराठी लिपीची इथे मोठी सोय आहे. डोक्यावर चंद्र देऊन आपण फ्लॅश लिहितो, काहीच न देता फ्लश, मात्रा देऊन फ्लेश. तीन शब्द, तीन रूपे, वाचताना घोटाळा नको. घोटाळा लिपीत नाही, तो जिभेवर आहे. चंद्रासाठी तोंड मोकळे उघडा, ‘बॅट’ म्हणताना उघडता तसे. फ्लशसाठी ‘बस’ म्हणताना उघडता तेवढेच. आणि सुरुवातीला ‘फलॅश’ असा ‘अ’ घुसतो तो काढा, फ आणि ल एका दमात. रोज दहा वेळा ‘फ्लॅश, फ्लश, फ्लेश’ मोठ्याने म्हणा. आठवडाभरात जीभ वळते.

डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांसाठी यात एक गंमत आहे. पाळी जाण्याच्या वयात बायकांना अचानक अंगातून वाफा येतात, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. याला अमेरिकन पुस्तकात हॉट फ्लॅश म्हणतात, ब्रिटिश पुस्तकात हॉट फ्लश. इथे दोन्ही बरोबर. कारणही समजण्यासारखे: एकाने अचानकपणा पकडला, दुसऱ्याने लाली. डोळ्यांच्या बाबतीत मात्र फ्लॅशच. कोणी म्हणाले की अंधारात, डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे दिसते आणि काळे ठिपके तरंगतात, तर ते ‘फ्लॅशेस अँड फ्लोटर्स’. अचानक सुरू झाले असेल तर डोळ्याचा पडदा फाटत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. शब्द कळण्याचा उपयोग कधी कधी असाही होतो.

फ्लॅश फ्लड हा शब्द आता मराठवाड्याच्या बातम्यांत वारंवार येतो, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण तो चुकीच्या पुराला लावला जातो. जोरदार पाऊस पडल्यापासून साधारण सहा तासांच्या आत जे पाणी चढते ते फ्लॅश फ्लड. विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडले, वरून जायकवाडीचे पाणी येते आहे, गोदावरी घाटाच्या पायऱ्या चढते आहे, प्रशासन इशारा देते आहे, हा पूर मोठा आणि भयानक असेल, पण फ्लॅश नाही. तो येताना दिसतो. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात झाले ते फ्लॅश फ्लड. रात्रीत पाऊस कोसळला, लेंडी नदीच्या पाणलोटात पाणी फुगले आणि हसनाळसारख्या गावांत लोक झोपेत असताना घरांत शिरले. माणसे गेली, जनावरे गेली, लष्कराला बोलवावे लागले. बातमी लिहिणाऱ्यांनी, निबंध लिहिणाऱ्यांनी हा फरक पाळावा. दुष्काळातही हाच फरक आहे. लातूरचा 2016 चा दुष्काळ आठवा, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तो. तो वर्षानुवर्षे साचत आलेला. हवामानशास्त्रात ‘फ्लॅश ड्राउट’ अशीही एक संज्ञा आहे, काही आठवड्यांतच जमीन वाळवून टाकणारा दुष्काळ. लातूरचा तो नव्हे. ‘फ्लॅश’ हा शब्द संकट किती मोठे ते सांगत नाही, सावरायला वेळ किती मिळाला ते सांगतो.

सिनेमामुळे फ्लॅशबॅक सगळ्यांना माहीत आहे. गोष्ट मागे जाते, मग परत येते. पण मानसशास्त्रात याचा एक धाकटा भाऊ आहे, फ्लॅशबल्ब मेमरी. 1977 मध्ये रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या अमेरिकन अभ्यासकांनी हे नाव दिले. केनेडींच्या हत्येची बातमी ऐकली तेव्हा आपण कुठे होतो, काय करत होतो, हे लोकांना वर्षांनंतरही फोटोसारखे आठवत होते, जणू त्या क्षणी फ्लॅश उडाला होता. लातूरकरांना ही संज्ञा समजावून सांगावी लागत नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटे, किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. चाळिशी उलटलेल्या कोणालाही विचारा, तो खाट कुठे टाकली होती, कोणाचा आवाज आधी आला, अंगावर काय होते, हे सांगू लागतो. इंग्रजी शिकवताना मी मुलांना हे घरी जाऊन विचारायला सांगतो आणि इंग्रजीत पाच ओळी लिहून आणायला सांगतो. एकदा एका मुलीने तिच्या आजोबांची आणि आजीची अशा दोन आठवणी आणल्या. एकाच घरातल्या, एकाच रात्रीच्या, आणि जुळत नव्हत्या. आजोबा म्हणत कंदील जळत होता, आजी म्हणे मिट्ट अंधार होता. दोघांनाही शंका नव्हती. अभ्यासकांनाही हेच दिसले आहे. 1986 मध्ये चॅलेंजर यान कोसळल्यावर उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी आठवणी लिहून घेतल्या आणि अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारल्या. अनेकांचे तपशील पार बदलले होते, खात्री मात्र तशीच होती. लखलखीत आठवण बरोबरच असते असे नाही. त्या मुलीच्या वहीत मी दोन्ही परिच्छेद तसेच राहू दिले, फक्त क्रियापदांचा काळ दुरुस्त केला.

‘फ्लॅश इन द पॅन’ हा वाक्प्रचार मुलांना स्वयंपाकघरात नेतो. पॅन म्हणजे तवा, तव्यात जाळ झाला, असे ती समजतात. हा तवा नव्हे. जुन्या ठासणीच्या बंदुकीला बाजूला एक छोटी वाटी असे, तिच्यात शिलगावायची दारू, जिला जुन्या मराठीत रंजक म्हणत. ती पेटली की ठिणगी बंदुकीच्या कानातून, म्हणजे एका बारीक भोकातून, आत जाऊन मुख्य बार उडायचा. कधी वाटीतली दारू भक्कन पेटायची आणि आत काहीच व्हायचे नाही. गोळी जागच्या जागी. औशाच्या किंवा कंधारच्या किल्ल्यावर गेलात आणि तोफ दिसली तर तिच्या मागच्या बाजूचा कान, म्हणजे ते बारीक भोक, बोट ठेवून पाहा. वाक्प्रचार कायमचा कळेल. मराठीत आपण ‘फुसका बार’ म्हणतो, दारूचीच उपमा. थोडा फरक आहे. फुसका बार सुरुवातीपासूनच फुसका. फ्लॅश इन द पॅनमध्ये एकदा दिपवणारा उजेड पडतो, एका सामन्यात शतक, एका चाचणीत पहिला नंबर, आणि पुढे काही नाही. भाषांतरात ‘फुसका बार’ लिहिलेत तर गुण मिळतील. पण मला ‘औटघटकेचे राज्य’ अधिक जवळचे वाटते.

उरलेले पटापट. फ्लॅश पॉइंट म्हणजे द्रवाची वाफ ठिणगी दाखवताच क्षणभर भडका घेईल असे किमान तापमान. पेट्रोलचा तो शून्याच्या खाली उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपास, रॉकेलचा 35 अंशांच्या वर. म्हणून हिवाळ्यातही पेट्रोलजवळ काडी ओढायची नसते. वर्तमानपत्रात तोच शब्द जोडून येतो तेव्हा दंगल भडकू शकेल असे ठिकाण किंवा कारण. पेनड्राइव्हमधल्या फ्लॅश मेमरीत दिवा नसतो. तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात ती शोधली. तिच्यातली माहिती एका झटक्यात पुसता येते हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, ते नाव राहिले. फ्लॅशकार्डही तसेच, क्षणभर दाखवून लपवायचे. पूर्ण वेळ समोर धरून वाचत बसलात तर तो नुसता पुठ्ठा.

मग अभ्यास कसा करायचा? शब्दाला एक अर्थ अशी वही ठेवू नका. फ्लॅशसाठी एक पान द्या आणि त्यावर स्वतःच्या आयुष्यातली पाच-सहा वाक्ये लिहा, पुस्तकातली नाही. लग्नात फ्लॅश उडाला. ट्रकने डिपर मारला. परीक्षेत उत्तर चटकन डोक्यात आले. बहीण चिडली. ओढ्याला पाणी आले. आधी मराठीत, ‘कन’सकट. मग इंग्रजीत, ‘कन’ पुसून. प्रत्येक वाक्यातला फ्लॅशच्या मागचा छोटा शब्द लाल पेनाने गोल करा: इन अ, ऑफ, ॲट, पास्ट, थ्रू. गुण तिथेच जातात.

त्या अकरावीच्या मुलाचे वाक्य आम्ही मिळून असे केले: ‘देअर वॉज अ फ्लॅश ऑफ लाइटनिंग, अँड अवर नेबर्स बुलॉक वॉज किल्ड.’ लाइटनिंगच्या स्पेलिंगमध्ये टीनंतर ई घालू नका. घातला तर त्याचा अर्थ हलके करणे किंवा उजळ करणे असा होतो. आणि लाइटनिंगला अनेकवचन नाही. विजा चमकल्या तरी लाइटनिंगच. मोजायच्या असतील तर फ्लॅशेस मोजा.

मोजणे खरेच शिका. लखकन दिसले की एक, दोन, तीन म्हणत आवाजाची वाट पाहा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत कडाडले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाईलमध्ये घालून ठेवा, आसपास वीज पडण्याची शक्यता ते दाखवते. शेतात असाल तर झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या कडाडण्यानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. बैल झाडाला बांधला असेल तर आभाळ भरून येताच, पहिली वीज चमकायच्या आधी, त्यालाही सोडून आणा.